जिन्याखालची खोली

२३ नोव्हेंबर, पेण
घसा बसलाय. या आठवड्यात चार भाषणं, विषय एकच. रोह्याच्या कॉलेजातून प्राचार्यांचा फोन. संविधान दिनाला यंदाही यायचं, शिवाय फीत कापायची. गेल्या वर्षी मी स्टेजवरून सुनावलं होतं, एवढ्या इमारतीत संविधानासाठी एक खोली नाही? त्यांनी खोली केली. बरं वाटलं. आजकाल ऐकतं कोण.

२६ नोव्हेंबर
वडखळला एसटी पाऊण तास अडकली. पोचले तर उद्देशिकेचं वाचन उरकलेलं, मुलं हजेरीच्या सह्या करत होती.
खोली जिन्याखाली. पुस्तकं, तसबिरी, ताजा रंग. फीत कापली. मग हात धुवायला मागे गेले तर सायकल स्टँडात सुमन डबा खात बसलेली. नदीपलीकडच्या अष्टमी गावची, कॉलेजात झाडलोट करते. दर वर्षी मला चहा तीच आणून देते. उन्हात का बसलीस, विचारलं.
"आमच्या खोलीला आत्ता तुमीच फीत कापलीत की."
हसत म्हणाली. ती नि दुसरी बाई तिथे लुगडं बदलायच्या, जेवायच्या. कुणाला बोलू नका, हेही म्हणाली.
दहा मिनिटांनी मी माईकसमोर. टिपणं बाजूला सारली. प्रतिष्ठा, समता, आणि सायकल स्टँडातला डबा. नाव घेतलं नाही. मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. कित्येक वर्षांत अशी बोलले नव्हते.

२८ नोव्हें.
सुमनचा फोन. ठेकेदाराचा निरोप, एक तारखेपासून येऊ नको. दुसरीने ठेकेदाराला सांगितलं, बाईंशी मी नाय बोलले. तिचं काम राहिलं.
नाव घेतलं नव्हतं म्हणे मी. दोघींतलं एक नाव शोधायला कितीसा वेळ लागतो.
ह्यांना सांगितलं. पेपरातून मान न काढता म्हणाले, "माईक दिसला की तुला माणसं दिसत नाहीत." एरवी भांडले असते.

२९ नोव्हें.
चौथ्या प्रयत्नात प्राचार्यांनी फोन उचलला. भाषणाचं कौतुक, व्हिडिओ सगळीकडे फिरतोय वगैरे. सुमनचं? ती ठेकेदाराची बाब, कॉलेजचा संबंध नाही. मी आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, खोली तुम्हीच मागितली होतीत."
फोन मीच ठेवला.

३० नोव्हें.
अष्टमीला गेले. पूल चालत ओलांडला, गुडघे बोलू लागलेत. सुमन वाल सोलत होती. सासू म्हणाली, गो सुमन, बाईंना पाणी दे. मी बसल्या बसल्या सगळं मांडलं: पत्रक काढू, गेटवर सभा घेऊ, मुलं येतील.
सुमन ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सभा नको, बाई. मला काम पायजे."
उद्या ठेकेदार कॉलेजात येणार. मी सोबत जायचं, पण बोलणार ती. "तुमी बोललात तर तो माझ्याकडं बघायचाच नाय."
कबूल केलं.

१ डिसेंबर, रोहा, कॉलेजची पायरी
ठेकेदार तासभर उशिरा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये एकच खुर्ची रिकामी, ती माझ्याकडे सरकवली. मी उभीच राहिले.
"बोला मॅडम," ठेकेदार म्हणाला. मी ओठ घट्ट मिटले.
सुमनच बोलली. काम चालू ठेवा. आणि दुपारी अर्धा तास खोलीची चावी द्या, पुस्तकांना हात लावणार नाय. ठरवलेलं सगळं बोलली. ठेकेदाराने प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी माझ्याकडे, मी फरशीकडे.
उद्या सांगतो, प्राचार्य म्हणाले.
बाहेर आलो. वाटलं, आता घरी जाईल. तिने पदर खोचला, कोपऱ्यातला झाडू घेतला नि व्हरांडा झाडायला लागली. अगं, उद्या सांगणार ना, मी म्हटलं.
"आज नको म्हनले नायत."
अर्धा व्हरांडा झालाय. केबिनचं दार दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. अजून कुणी अडवलेलं नाही.