लाल लोकरीची गाठ

२ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. वाचण्याच्या लायकीचा माणूस सुक्रे शहरात उरलेला नाही.

परदेशातल्या एका फाउंडेशनची जाहिरात आली आहे. विस्कळीत पडलेले हस्तलिखित संग्रह लावायचे, त्यांची सूची करायची, त्यासाठी अनुदान. मी संचालक असलेल्या आमच्या नगर दप्तरखान्यात नाव घेण्यासारखा एकच संग्रह आहे: फेर्मिन इरिआर्ते मास्तरांचा. शाळामास्तर, फावल्या वेळात नाटककार. मला व्याकरणात नापास केलं होतं. माझ्या मनात काही नाही. कागद त्यांच्या बहिणीचे, एदुविहेसबाईंचे. आमच्याकडे ठेव म्हणून आहेत.

महापौर म्हणाले की अनुदान आणा, नाहीतर संग्रह विद्यापीठाकडे जाईल. विद्यापीठाच्या दप्तरखान्यात विल्मा साराते बसली आहे. कॉलेजात एका वर्गात होतो. ती माझं बघून लिहून पास झाली. पुरावा नाही, पण मला माहीत आहे.

मुदत ५ नोव्हेंबर. संकल्प: महिनाभर आधीच पाठवून सगळ्यांची तोंडं बंद करणे.

५ सप्टेंबर
पहिलं पान टाइप करून घेतलं. ऑफिसातल्या रोसमेरीनं नावामागे ‘सेन्योर’ लावलं, म्हणजे नुसतं श्रीयुत. मी म्हटलं, डॉक्टर. तिनं विचारलं, प्रबंध दिला का? मी सांगितलं की प्रबंध डोक्यात पूर्ण आहे, फक्त लिहायचा राहिला आहे. तिनं ‘डॉक्टर’ टाइप केलं, पण सगळ्यात बारीक अक्षरात. पंधरा वर्षं ही बाई माझ्या ऑफिसात बसून माझाच पगार खाते, असं मला वाटतं.

१८ सप्टेंबर
फॉर्म मूर्खांनी बनवला आहे. एका पानावर सिद्ध करा की कागदांची दुर्दशा आहे. पुढच्या पानावर सिद्ध करा की कागद सांभाळणारी संस्था उत्तम आहे. दुसरं पान लगेच झालं. पहिलं अडलं.

अडचण अशी की दुर्दशाच नाही. मास्तरांनी मरण्याआधी सगळं बांधून ठेवलं होतं. एकेका माणसाची पत्रं, आणि त्या माणसावरून त्यांनी रचलेले नाटकातले प्रवेश, असं एकत्र. प्रत्येक गठ्ठ्याला वेगळी लोकर. मास्तरांच्या आईच्या गठ्ठ्याला तिनं स्वतः कातलेली जाड लाल लोकर, तीन गाठी. एदुविहेसबाईंना आता दिसत नाही, पण लोकर चाचपून त्या हवा तो गठ्ठा काढतात. दर वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवसासाठी आईचा गठ्ठा घरी नेतात, भावाच्या आत्म्यासाठी मांडलेल्या टेबलावर ठेवतात, त्यातलं एक पत्र कुणाकडून तरी वाचून घेतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणतात. सरकारी दप्तरखाना म्हणजे यांच्या घरची फडताळं.

फाउंडेशन पसाऱ्याला पैसे देतं. टापटिपीला कोण देणार?

३० सप्टेंबर
उपाय सापडला. आज सगळे गठ्ठे सोडले. कागद जमिनीवर ओतले, वरून थोडी धूळ टाकली, फोटो काढला. फोटो अप्रतिम आला आहे. बघणाऱ्याला रडू येईल.

रोसमेरी दारात उभी राहून म्हणाली की मूळ क्रम मोडायचा नाही, हा दप्तरखान्याचा पहिला नियम. मला सांगते! तो नियम मीच व्याख्यानात सांगितला आहे. ज्याला नियम माहीत असतो त्यालाच तो मोडायचा अधिकार असतो. लोकर फेकून दे म्हणून सांगितलं. तिनं सगळी लोकर पिशवीत भरली आणि घेऊन गेली. तिची ही टापटीप मला आवडत नाही.

प्रस्ताव महिनाभर आधी पाठवायचा विचार रद्द. घाईत पाठवलेलं काम लोकांना हलकं वाटतं.

१४ ऑक्टोबर
एदुविहेसबाईंच्या घरी संमतीची सही घ्यायला गेलो. मालकाच्या सहीशिवाय प्रस्ताव चालत नाही. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, औपचारिकता. त्यांनी सही केली, कागदाबाहेर थोडी टेबलावरही गेली. मग म्हणाल्या, “या वर्षी आईचं पत्र तू वाच, अन्सेल्मो. फेर्मिनच्या हाताखालचा तूच एक उरलास.” मी म्हटलं, मला कामं आहेत, कुणालाही बोलवा. या बायकांना वाटतं की दप्तरखान्याचा डॉक्टर म्हणजे घरोघरी पत्रं वाचत फिरणारा.

२८ ऑक्टोबर
प्रस्ताव पूर्ण. छापला, शिक्के मारले, सही जोडली. साध्या फाइलीत घालवेना. आईच्या गठ्ठ्याची जुनी पुठ्ठ्याची कव्हरं रिकामीच पडली होती, ती वापरली. लाल लोकर रोसमेरीच्या खणात मिळाली (फेकली नव्हतीच, कळलं!). तिनं बांधला. तीन गाठी मारल्या. एकदम ऐतिहासिक दिसतो.

आता एकच कटकट. एदुविहेसबाई आईचा गठ्ठा मागायला येतील, आणि आईची पत्रं त्या ढिगात कुठे आहेत ते देवालाही सांगता येणार नाही. काही हरकत नाही. हाताला लागतील ते कागद बांधून देईन. त्यांना कुठे दिसतंय.

३१ ऑक्टोबर
नशीब असावं तर असं. अकराला सालतेन्या, त्या आतून रसाळ करंज्या, खायला बाहेर गेलो. (चौकातल्या त्या बाईनं पुन्हा रस कमी भरला होता. तिच्याशी भांडण झालं, म्हणून उशीर.) परत येतो तर रोसमेरी सांगते, एदुविहेसबाई येऊन गेल्या. आत जाऊन, चाचपून, स्वतःच गठ्ठा शोधला आणि घेऊन गेल्या. खूश होत्या.

म्हणजे आईचा गठ्ठा कुठेतरी शाबूत होता. मी उगाच काळजी करत होतो. माझी जुनी सवय, फार काळजी घेतो.

१ नोव्हेंबर, सकाळ
प्रस्ताव टेबलावर नाही. खणात नाही. कपाटात नाही. रोसमेरी म्हणते, तिला माहीत नाही, आणि वर खिडकीबाहेर बघत हसते. हे काम विल्माचं. सरळ चोरी. तिच्या घरी जाऊन सगळ्या गल्लीसमोर जाब विचारणार.

१ नोव्हेंबर, दुपार
सगळं लिहून ठेवतो.

विल्माच्या घरी कुलूप. शेजारी म्हणाले, ती एदुविहेसबाईंकडे गेली आहे, या वर्षी वाचायला तिला बोलावलंय. मी तावातावानं तिकडे. घर बायकांनी भरलेलं. टेबलावर काळं कापड, मेणबत्त्या, माणसांच्या आकाराचे पाव, मास्तरांच्या आवडीचं शेंगदाण्याचं सूप. बाराची घंटा होत होती. आत्मा बाराला येतो म्हणतात. मी साडेबारापर्यंत थांबायला हवं होतं, पण मला नेहमी वेळेवर पोचायची खोड.

विल्मा टेबलापाशी उभी. हातात जुनी कव्हरं. लाल लोकर सोडलेली.

ती वाचत होती, “हा संग्रह एका अडाणी, अर्धवट आंधळ्या म्हातारीच्या घरी उंदरांच्या तोंडी सडत होता. लेखक तिसऱ्या दर्जाचा आहे, तथापि योग्य संचालकाच्या हाती त्याची किंमत वाढवता येईल.”

मग ती थांबली. तिनं मला बघितलं. मी म्हटलं की हा कच्चा मसुदा आहे. कुणी ऐकलं नाही. ती पान मिटायला लागली, तसा एदुविहेसबाईंनी हात वर केला.

“वाच गं,” त्या म्हणाल्या. “पुढं वाच. फेर्मिन आलाय, ऐकतोय.”

विल्मानं सगळं वाचलं. बजेटसुद्धा. ‘संचालकांच्या खुर्चीसाठी’ हा आकडा आला तेव्हा एक बाई फिसकन हसली. मी दरवाजाशी उभा होतो. जायला हवं होतं. पाय निघेनात.

शेवटी एदुविहेसबाईंनी विचारलं की त्यांची सही कुठल्या पानावर आहे. विल्मानं त्यांचं बोट नेऊन ठेवलं. त्यांनी ते पान काढलं, नीट घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवलं. मग आईची पत्रं कुठे आहेत, एवढंच मला विचारलं. मी म्हटलं, प्रक्रियेत आहेत.

निघताना मला पाव दिला. येईल त्याला द्यायचा असतो, शत्रूलाही. पावाला माणसाचं तोंड चिकटवलेलं होतं. घरी येऊन खाल्ला. गोड होता. मला फार वाईट वाटलं, पण ते उपाशी असल्यामुळे.

६ नोव्हेंबर
मुदत काल संपली. पाठवलं नाही. तत्त्वाचा प्रश्न म्हणून पाठवलं नाही. हातगाडीवाले येऊन कागद विद्यापीठात घेऊन गेले. रोसमेरीनं लोकरीची पिशवीही सोबत दिली. एकही तुकडा फेकला नव्हता.

सुटलो. आता प्रबंध लिहायला घेईन.

१४ मार्च
विल्माला अनुदान मिळालं. त्याच फाउंडेशनचं, पुढच्या फेरीत. विषय: ‘विस्कटलेला मूळ क्रम पुन्हा लावणे’. दुर्दशेचा पुरावा म्हणून पहिल्याच पानावर माझा फोटो. धुळीसकट. खाली छापलंय: छायाचित्र, सेन्योर अ. उर्किदी.

सेन्योर! निषेधाचं पत्र पाठवलं.

२० मार्च
विद्यापीठातून बोलावणं. प्रस्तावात माझ्या नावाची एक ओळ आहे: ‘पूर्वीच्या गठ्ठ्यांची माहिती देणारे. मानधन नाही.’ ठरवलं, तासभर ताटकळत ठेवायचं. पण लवकरच पोचलो.

एदुविहेसबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. कुणीतरी खुर्ची तेवढी पुढे सरकवली. त्यांनी एक दोरा काढला, बोटात फिरवला आणि विल्माला रंग विचारला. निळा.

“ही लोकर पेत्रोनाची,” त्या म्हणाल्या. “हिच्या पत्रांसोबत कुठले प्रवेश होते, अन्सेल्मो? गठ्ठे सोडलेस तू.”

मी मूळ क्रमाच्या सिद्धांतापासून सुरुवात केली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, तशाच आवाजात. सगळे गठ्ठे मी माझ्या हातांनी सोडले होते. एकाच्याही आत बघितलं नव्हतं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी तो दोरा बाजूला ठेवला आणि पिशवीत हात घालून दुसरा काढला. संध्याकाळपर्यंत हेच चाललं. पिशवी अजून निम्मी आहे. उद्या परत बोलावलंय.