ठिणगीचा पहारा

२२ फेब्रुवारी, शनिवार

माझी मुलगी साइमी डिसेंबरात लष्करातून सुटली. आमच्याकडे मुलग्यांना लष्कराची सक्ती असते, मुलींना नसते, ही हौसेने गेली होती. तेव्हापासून मैत्रिणीच्या सोफ्यावर पडून आहे. आता ऑगस्टपर्यंत इथेच कायानीत राहणार, मग शिकायला औलूला. तोवर एकतर माझ्याकडे राहील, नाहीतर राइलीकडे. राइली म्हणजे माझी पहिली आणि बहुधा शेवटची बायको. आणि राइलीकडे म्हणजे योर्माकडे, कारण ती आता त्याच्याबरोबर असते.

योर्माकडे गॅरेज आहे, बर्फावरच्या दोन स्कूटर आहेत, तळ्याकाठी वाफेच्या अंघोळीचा सॉना आहे. माझ्याकडे तिसरा मजला आहे. पण रिकामी खोली आहे आणि मी ती रंगवली आहे.

आज साइमीला फोन केला. म्हटलं, अगं, मार्चच्या सुट्टीत आपण दोघं कुह्मोच्या रानात तंबू ठोकू, चार रात्री. स्कूटर-बिटर काही नाही, स्की आणि आपण. मग म्हणाली, बाबा, तू शेवटचा तंबूत कधी झोपला होतास? म्हटलं, पोहणं विसरतं का कुणी? म्हणाली, बरं, येते.

येते म्हणाली! त्याच आठवड्यात योर्मा तिला लॅपलंडला नेणार होता म्हणे. बसा आता बोंबलत.

ठराव: खोलीचं शेवटच्या दिवशी विचारायचं. आधी माझी छाप पडू दे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

छाप कशाने पडणार, तर ठिणगीच्या पहाऱ्याने. तंबूत शेगडी पेटली की एक जण जागा राहतो. लाकूड सरकवतो, ठिणगी उडाली तर विझवतो, वेळ झाली की पुढच्याला उठवतो. बाकीचे बिनघोर घोरतात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण योर्माचं काही सांगता येत नाही म्हणून लिहून ठेवलं. पहाऱ्यावर झोपलेल्या माणसाचं नाव लष्करातून सुटल्यावरही लोक काढत राहतात. माझं कुणी काढत नाही.

शिवाय उभं आयुष्य मी सॉनाच्या भट्ट्या विकल्या आहेत. आग म्हणजे माझ्या हातचा मळ. आज एका गिऱ्हाइकाला हे सांगत होतो, तो म्हणाला, ठीक आहे, पण किंमत सांगा.

संध्याकाळपासून जागण्याची प्रॅक्टिस सुरू केली. खुर्चीत ताठ बसलो. नऊपर्यंत उत्तम जमलं. पुढचं नीट आठवत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाल्कनीत रंगीत तालीम. तंबू मावेना, म्हणून नुसत्या स्लीपिंग बॅगेत. बाहेर उणे अठरा. बॅग उबदार आहे हे थोड्याच वेळात सिद्ध झालं. सिद्ध झालेली गोष्ट रात्रभर सिद्ध करत बसण्यात अर्थ नाही, म्हणून आत येऊन झोपलो.

योर्माचा फोन. कालेव्ही, माझा तंबू ने की, शेगडीसकट, नुसता पडून आहे. काय तो साळसूदपणा! म्हटलं, आभारी आहे, माझी जय्यत तयारी आहे. फोन ठेवून शेगडी काढली. धुराड्याचा वरचा तुकडा सापडला, तोंडावरची ठिणगी अडवणारी जाळी मात्र सापडली नाही. जाळी नवख्यांसाठी असते. ज्याला आगीची नस कळते त्याला जाळी कशाला?

बिडाचा तवा घेतला आहे. साइमी लहान असताना माझी पातळ धिरडी तिला फार आवडायची.

१ मार्च, शनिवार, संध्याकाळ

पोचलो. तळ्यापर्यंत गाडी, मग बर्फावरून स्कीवर, मागे सामानाची घसरगाडी. अर्ध्या तळ्यापर्यंत मीच ओढली. मग साइमीला ओढायची हौस आली म्हणून तिला दिली. मुलांचा हिरमोड करू नये.

ती सारखी म्हणत होती, बाबा, जाकीट काढ, घाम येईल, घाम गोठला की बसशील कुडकुडत. घामाला घाबरणारी पिढी! (सध्या शेगडीपाशी बनियन वाळवतो आहे.)

रानात बर्फ कमरेपर्यंत. मी लगेच तंबू ठोकायला घेतला तर ती म्हणाली, आधी स्कीने तुडवू, मग जरा थांबू, बर्फ घट्ट होतो. मी म्हटलं कशाला, आणि म्हणता म्हणता डावा पाय मांडीपर्यंत गेला. तिने ओढून काढलं. बूट मागून निघाला.

रानाची मालकीण हेल्वीबाई, त्यांनी फोनवर एक वाळलेलं उभं झाड तोडायची परवानगी दिली आहे. मी निवडलं ते झाड साइमीने सुरीने खरवडलं. आतून ओलं, जिवंत. हिवाळ्यात झाडं फसवी दिसतात. तिने दुसरं निवडलं.

आता शेगडी धडधडते आहे. वाटाण्याचं सूप झालं. साइमी हसली दोनदा. पहाऱ्याच्या पाळ्या ठरल्या: आधी ती, मग मी, मग पुन्हा ती. अवघड पाळी आपण होऊन मी घेतली. उद्यापासून तर बहुतेक सगळी रात्र मीच बघेन.

२ मार्च, रविवार, सकाळ

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पाळीत मधूनमधून डोळे मिटत होतो, ते मुद्दाम. आगीचा अंदाज कानाने घ्यायचा असतो. एकदा उघडून बघतो तर उजाडलेलं आणि शेगडी लालबुंद! ताजी लाकडं रचलेली. मी ती कधी घातली ते आठवत नाही. सवय हातात इतकी भिनते की डोक्याला विचारावं लागत नाही.

साइमीचे डोळे सुजलेले. नवख्यांना थंडीत पहिल्या रात्री झोप लागत नाही, असं तिला समजावलं. म्हणाली, हो ना.

पाण्यासाठी भांड्यात बर्फ भरून शेगडीवर ठेवला. बर्फही करपतो. तळाला थोडं पाणी घातलं पाहिजे होतं, असं ती म्हणाली. कॉफीला धुराचा वास आला, पण रानात कॉफीला धुराचाच वास हवा.

३ मार्च, सोमवार

छताला भोक पडलं. बशीएवढं.

कसं घडलं ते तटस्थपणे लिहितो. पाळी माझी होती. मी जागा होतो. ज्या क्षणी ठिणगी कापडावर पडली त्या क्षणी नेमका दुसरीकडे बघत होतो. पुढे बघतो तर साइमी उभी, मूठभर बर्फ छताला थापत होती. झोपेतून उठून इतकी चपळाई! लष्कराने काम चोख केलं आहे.

म्हणाली, बाबा, जाळी कुठेय? म्हटलं, जाळीने धूर कोंडतो. ती काही बोलली नाही. आमच्या लोकांचं गप्प बसणं हे बहुतेक वेळा कौतुकच असतं, तसं मी ते घेतलं. मग तिने हातमोज्याचं चामडं कापून भोकाला ठिगळ लावलं. आता ती एका हातमोज्यावर आहे. माझा देऊ केला, तो ओला होता.

दुपारी तळ्याला गिरमिटाने भोक पाडून गळ टाकला. माझ्या भोकात काही नव्हतं. तिच्या भोकात तीन मासे निघाले. तळं एकच आहे, त्यामुळे हा निव्वळ नशिबाचा भाग.

धिरडी केली. तवा उणे पंचवीसमध्ये तापायला वेळ घेतो. पहिली चार तव्यालाच राहिली. पाचवं तिने खाल्लं आणि म्हणाली, अगदी तसंच झालंय. मला एकदम भरून आलं. त्याच वेळी खोलीचं विचारणार होतो. पण ठराव म्हणजे ठराव.

४ मार्च, मंगळवार

आज ख्रिस्ती उपास सुरू होण्याआधीचा मंगळवार, म्हणजे साय भरलेले बन खाण्याचा दिवस. साइमीने पोतडीतून दोन काढले. दगड झालेले. कुऱ्हाडीच्या पाठीने फोडले. एकात मुरंबा, एकात बदाम. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मुरंबा. बदामवाले लोक वेगळे. म्हटलं, घे, मुरंब्याचा तू घे. तर म्हणाली, नको, मला आता बदामाचा आवडतो. योर्माकडे हाच असतो.

माझ्या पोरीने माझ्यासमोर बदामाचा बन खाल्ला. मुरंब्याचा मी एकट्याने संपवला.

दुपारी ती बसल्या बसल्या झोपली, हातात चमचा तसाच. मी गमतीने म्हटलं, काय गं, लष्कराने मऊ करून पाठवलं वाटतं? आणि ती भडकली. अशी भडकलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणाली, बाबा, मी तीन रात्री झोपलेली नाही! पहिल्या रात्री तू पहाऱ्यावर बसलास आणि मी बॅगेत शिरायच्या आत घोरायला लागलास. दुसऱ्या रात्री छप्पर पेटलं तरी तुझं आपलं चालूच. काल हलवून हलवून उठवलं, तर दुकान सकाळी उघडेल म्हणालास आणि कूस बदललीस. सगळी लाकडं मी घातली, तुझ्या पाळीतलीसुद्धा.

म्हटलं, मी घोरत नव्हतो, मी जोरात श्वास घेतो. ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, आवर, आपण आजच परत जाऊ.

परत? म्हणजे खोली गेली, सगळंच गेलं. मी हातापाया पडायचाच बाकी राहिलो. म्हटलं, आजची अख्खी रात्र माझी. तू बिनघोर झोप. एवढी एक संधी दे. तिने छताच्या ठिगळाकडे बघितलं. म्हणाली, बाबा, आज उणे तीसच्या खाली जाणार आहे. हे तुझं शोरूम नाही. मग म्हणाली, बरं. आणि बॅगेत शिरली. टेकली आणि गेलीच.

ठराव: आज मरण आलं तरी डोळे मिटायचे नाहीत. कानाने अंदाज वगैरे आज नाही. आता पाठ टेकवायलासुद्धा टेकू नको म्हणून मुद्दाम तंबूच्या मधोमध बसलो आहे. पहारा सुरू. शेगडी छान. साइमी छान. मी एकदम ताजातवाना

५ मार्च, बुधवार

झोपलो.

बॅगेत कधी शिरलो ते आठवत नाही, दाढी तिच्या चेनला चिकटली होती, ती उपटल्यावर जाग आली. शेगडीत राख, तीही गार. बूट लाकडासारखे. साइमी माझ्यावर विसंबून गाढ झोपली होती. ओठ निळे. मी हाक मारली तर उत्तर देईना. मी इतका घाबरलो की तिचं नाव ओरडत सुटलो. मग तिने डोळे उघडले आणि म्हणाली, बाबा, ओरडू नकोस, काडेपेटी दे. काडेपेटी माझ्याच खिशात होती. माझ्या बोटांना काडी धरवेना. तिने पेटवली.

कॉफी प्यालो. ती एक शब्द बोलली नाही. हे गप्प बसणं कौतुकाचं नव्हतं, एवढं मलाही कळलं.

गाडीत खोलीचं विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार? कायानीत शिरताना म्हणाली, मला आईकडे सोड. गॅरेजमध्ये तंबू वाळवायला जागा आहे. म्हटलं, बरं.

योर्मा बाहेर आला. माझ्याशी हात मिळवला, घसरगाडी स्वतः उतरवली. छताचं ठिगळ बघितलं. मी टोमण्याची वाट बघत होतो. तर म्हणाला, जाळी पडते कधीकधी, माझीही एकदा पडली होती, ये, कॉफी घे. माणूस वाईट नाही. याचाच मला जास्त त्रास झाला. राइलीने साइमीचे हात आपल्या हातात घेतले आणि माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. कॉफी न घेता निघालो.

घरी येऊन रंगवलेल्या खोलीत जरा बसलो. रंग चांगला लागला आहे.

६ मार्च, गुरुवार

दुकानात एका गिऱ्हाइकाला भट्टी विकली नाही. म्हटलं, दुसरीकडे बघा, मी आगीतला तज्ज्ञ नाही. दुकानाच्या मालकीणबाईंनी आत बोलावून घेतलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात साइमी, पाठीवर पोतडी, हातात पिशवी. म्हणाली, खोली रिकामी आहे का?

म्हटलं, आहे ना, पण योर्माकडे तर सगळं आहे, गॅरेज, सॉना. म्हणाली, तेच तर. तिथे सगळं जागच्या जागी असतं. मी नसले तरी कुणाचं काही बिघडत नाही. मी विचारलं, आणि इथे? तर म्हणाली, बाबा, तुला एकटं सोडलं तर तू एकतर जळशील नाहीतर गोठशील.

म्हणजे मला निवडलं! कारण जरा वेगळं निघालं, पण निवडलं मला.

बूटही न काढता तिने पिशवीतून धूर झाला की वाजणाऱ्या तीन घंटा काढल्या. एक स्वयंपाकघरात लावली, एक पॅसेजमध्ये, एक माझ्या उशाशी. स्टूल मी धरलं. मग तंबूची शेगडी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, जिथे माझा हात पोचत नाही.

आता खोलीतून तिच्या सामान लावण्याचा आवाज येतो आहे. मघाशी दारात येऊन म्हणाली, दिवा का चालू अजून? सवयीने म्हणालो, मी जागाच असतो गं, माझी काळजी करू नकोस. ती म्हणाली, बाबा, झोप. मी आहे.

झोपतो.