भावे प्रयोग

बेळगाव, सोमवार

प्रिय विनू,

हायवेवर नव्यानं निघालेल्या एका मोटारींच्या शोरूमविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. दारातच पाटी : 'एकच भाव. घासाघीस नाही.' तीस वर्षं मी पोरांना व्याकरण शिकवतोय. कर्ता बदलो, कर्म बदलो, क्रियापद ढिम्म हलत नाही, तो भावे प्रयोग. उदाहरणं देताना घाम फुटायचा. आता अख्खा वर्ग तिथंच नेऊन बसवावा म्हणतो.

आपल्या आप्पांना अशा दुकानात नेणं म्हणजे पैलवानाला मौनव्रत देणं. तुझ्या लग्नाच्या साड्या आठवतात ना? शहापूरच्या दुकानातून आप्पा तीनदा उठले. 'चल रं मार्तंड, न्हाय जमत,' म्हणून चपला चढवायच्या, आणि गल्लीच्या तोंडाशी पाठीमागून दुकानदाराची हाक येईपर्यंत वळून बघायचं नाही. तू लाजेनं लाल, आणि मला खदखदून हसू. हल्ली ते बोलता बोलता मधेच अडतात. भाजीला जातात आणि रिकामी पिशवी घेऊन परततात. ऐंशीला टेकलेल्या माणसाचं हे असायचंच, अशी मी माझी समजूत घालतो. म्हणून तर त्यांना मुद्दाम नेलं. म्हटलं, भाव करताना तरी जुने आप्पा जागे होतील.

टेबलापलीकडं सौम्या नावाची मुलगी होती. आकडा ऐकून आप्पा म्हणाले, 'लई झालं गं.' ती म्हणाली, 'आज्जा, तुमाला बी ह्योच, मंत्र्याला बी ह्योच. कमी करायचं बटणच न्हाय बघा कंप्युटरात.' आप्पा उठले आणि एक शब्द न बोलता बाहेर गेले. मी आणि तुझ्या भाचीनं, श्रियानं, एकमेकांना डोळे मिचकावले. मी सौम्याला बजावलंसुद्धा, 'आता तू हाक मारल्याशिवाय म्हातारा परत यायचा न्हाय बघ.' तीही हसली. आम्ही कॉफी घेतली. रंगावरून बापलेकीचा वाद झाला, तो श्रियानं जिंकला. अर्धा तास सहज गेला.

पायरीवर आप्पा नव्हते. बरंच पुढं, सर्व्हिस रोडच्या कडेला, भर उन्हात उभे होते. मी धापा टाकत गाठलं आणि चेष्टेनं म्हटलं, 'काय आप्पा, हाक आली न्हाय म्हणून रुसलासा व्हय?' त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. हात जोडले. आणि अदबीनं विचारलं, 'अहो, शहापूरची बस हितंच थांबते न्हवं?'

घरी आल्यावर चहात साखर कमी म्हणून माझ्या नावानं खेकसले, सगळं जागच्या जागी. मीही गल्लीभर सांगत सुटलोय की आप्पांनी शोरूमवाल्यांना जेरीस आणलं. शेजारच्या भावकूनं तर टाळी दिली. काल फोनवर ते तुझ्याशी ठणठणीत बोलले, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. फोन मी माझ्या हातात घेतलाच नाही.

विनू, आप्पा भाव पाडायला उठले नव्हते. आपण कुठं आलोय हेच त्यांना कळेना, म्हणून उठले. आणि मी आत बसून हसत होतो. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. ते काय सांगतील याचा अंदाज मला आहे, आणि ते एकट्यानं ऐकायची छाती मला नाही. आपल्या बापानं मला परका समजून हात जोडले गं. मला भीती वाटते. बुधवारीच ये.

तुझाच,
मार्तंडअण्णा