पहिल्या विश्रांतीत बोललेले वाक्य

वेराक्रूस बंदर,
सोमवार, सकाळ

आदरणीय एर्मिलोमामा,

तुमच्या डाव्या गुडघ्याला, अंगणातल्या टर्की कोंबड्यांना आणि तुम्हाला स्वतःला (हा क्रम काळजीनुसार लावला आहे, मानानुसार नव्हे) फिदेन्सियोचा वाकून नमस्कार. मामी गेल्यापासून तुम्ही संध्याकाळी नुसत्या कॉफीवर भागवता असे आईकडून कळले. ते थांबवावे. माझी प्रकृती ठीक आहे, म्हणजे जेवण जाते. फक्त या शहरात तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. मागच्या पत्रात तुम्ही एकाच ओळीत विचारले होते, "लेओकादियाला विचारलंस का?" याचे उत्तर एका शब्दात द्यायला हवे होते. पण तो शब्द 'हो' की 'नाही' हे मलाच ठरवता येत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

कलाभवनातला शुक्रवार ते रविवारच्या कार्यक्रमांचा तक्ता माझ्या हातचा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळा मी आठवीत सोडली, पण तक्त्यात आजवर एक चूक नाही (शब्दकोश घरून नेतो, कलाभवनाच्या शब्दकोशाची शेवटची शंभर पाने उंदरांनी नेली). या खेपेला शुक्रवारी समुद्रावरच्या कवितांचे वाचन होते, शनिवारी चौकात दान्सोनचा जोडीनाच, रविवारी धक्क्यावर चित्रांचे प्रदर्शन. तक्ता चिकटवता चिकटवता मी ठरवले की या तिन्हींपैकी कुठेतरी लेओकादियाला लग्नाचे विचारायचेच. थांबणे शक्य नव्हते. तिची आई दोमितिलाबाई बाजारात सांगत होत्या की कस्टममधला नाबोर हल्ली घरी येतो आणि ईस्टरपर्यंत काय ते ठरेल. लेओकादिया धक्क्यावरच्या आइसक्रीमच्या दुकानात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "ये गोऱ्या, ये गं गोरे" अशी हाक मारते, मग माणूस कोणत्याही रंगाचा असो. मला मात्र ती "अहो तक्ता" म्हणते. यावरून माझी पत किती ते कळावे.

शुक्रवारचे थोडक्यात सांगतो. मी तिच्या शेजारची खुर्ची टोपी ठेवून अडवली होती. कवीने पहिली लाट वाचायला घेतली आणि उत्तरेचा वारा सुटला. खिडकीची झडप निखळली, आणि नोकरीला असलेला मी एकटाच असल्याने दीड तास ती पाठीने दाबून उभा राहिलो. एकेचाळीस कविता झाल्या. लेओकादिया विसाव्या कवितेला आईच्या खांद्यावर झोपली. जाताना म्हणाली, "अहो तक्ता, पुढच्या वेळी झडपेचंही नाव छापा, सगळ्यात जास्त काम तिनंच केलं."

आता शनिवार. मामा, दान्सोन तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही आल्वारादोच्या चौकात एका फरशीबाहेर पायाचे नखही न काढता नाचलेले आहात. पण माझा बेत कळायला हवा म्हणून लिहितो. मधल्या ज्या तुकड्यात नाचायचे नसते, जोडीने शेजारी शेजारी उभे राहून वाद्यांकडे पाहायचे आणि पंखा हलवायचा असतो, ती विश्रांती साधारण पस्तीस सेकंदांची असते (अकरा शनिवार घड्याळ लावून पाहिले). पहिली दहा घाम पुसण्यात जातात, शेवटची पाच पाय जुळवण्यात. उरतात वीस. त्या विसात बसेल असे एक वाक्य मी तयार केले. आधी ते बावीस सेकंदांचे होते, म्हणून त्यातून 'लेओकादिया' हे नाव काढले. शेजारी तीच असणार, मग नावाची गरज काय, असा माझा हिशेब. अकरा महिने रोज दाढी करताना ते म्हणत आलो आहे, महिन्यांचा आकडा तेवढा वाढवत.

शिवाय तो दान्सोन तिला अर्पण व्हावा म्हणून वाद्यवृंदाच्या त्रांकिलिनो मास्तरांना चिठ्ठीही दिली. दर शनिवारी अशा वीस चिठ्ठ्या मीच लोकांना लिहून देतो, त्यामुळे हात सवयीने चालला: "हा दान्सोन कुमारी लेओकादिया सामुदियो आणि त्यांच्या सोबत आलेल्या स्नेह्यांना." मास्तरांनी ते खणखणीत वाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तिच्या टेबलावर सोबत आलेला स्नेही होता नाबोर! पांढरे बूट, पांढरी टोपी. तो उठला, स्वतःचेच नाव पुकारले असावे तसा चौफेर वाकला आणि तिला घेऊन गेला. ज्याला अर्पण केला त्याने सोबत्यासह आधी उतरायचे, ही रीत. मी टेबलापाशी हात पुढे करून तसाच उभा. तो हात दोमितिलाबाईंनी धरला.

"चल. पुढे केलाच आहेस तर रिकामा कशाला न्यायचा?"

मामा, त्या नाचतात मात्र अप्रतिम. मी पावले मोजत होतो. पहिली विश्रांती आली. आम्ही वाद्यांकडे तोंड करून उभे राहिलो, त्यांनी पंखा उघडला, मी घाम पुसला, दहा सेकंद झाली, आणि माझ्या तोंडाने मला न विचारता सुरुवात केली: "गेले अकरा महिने शनिवार आला की मला जगावंसं वाटतं, आणि सोमवारपासून मी कसाबसा पुढच्या शनिवारपर्यंत पोचतो, तर उरलेले सहा दिवसही तू माझ्या शेजारी अशीच उभी राहशील का?" एकही शब्द अडखळला नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला मी 'तू' म्हणालो.

पंखा थांबला. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाय जुळव. सुरू होतंय." दुसऱ्या विश्रांतीत म्हणाल्या, "असं कुणी विचारलेलं नव्हतं रे. माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही, तो नुसता सामान घेऊन आला होता. रविवारी सांगते." मागच्या जोडीने हे ऐकले. त्यांच्या मागच्या जोडीनेही.

(एवढ्यातही एक बरे झाले, ते लिहिले नाही तर अन्याय होईल. नाबोर राजधानीतून बदली होऊन आलेला माणूस. तो विश्रांतीतही नाचतच राहिला. सगळा चौक स्तब्ध, आणि हा एकटा गिरक्या घेतोय. म्हाताऱ्या बायांनी पंख्याआड तोंडे लपवली. लेओकादिया त्याचा हात सोडून सरळ जागेवर जाऊन बसली. पण त्याचा मला काय उपयोग, मी तर तोवर तिच्या आईला मागणी घालून बसलो होतो.)

रविवारी प्रदर्शनात मला चित्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगड बांधायचे होते. एक दगड माझ्या पायालाही बांधून धक्क्याच्या कडेला जावे, असा विचार दोनदा आला. दुकानाजवळून मान खाली घालून जात होतो, तेवढ्यात भर गर्दीत लेओकादियाची हाक आली: "या बाबा, या! नारळाचं देऊ की आंब्याचं? घरी आई वाट बघतेय!" रांगेतली सगळी माणसे हसली. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, बापाला एक गोळा जास्त घाल." मी एका बोटीच्या चित्रामागे जाऊन बसलो. उत्तर द्यायला दोमितिलाबाई आल्या असतील, तर त्यांना फक्त माझे बूट दिसले असतील.

तर मामा, ही हकिकत. तक्त्यात कधी चूक न केलेला तुमचा भाचा आयुष्यात अशी करून बसला की ती खोडता येत नाही. नोकरी सोडून तिकडे यावे म्हणतो. टर्की कोंबड्यांना मी चालेन का ते कळवावे.

आपला लाडका (अजूनपर्यंत),
फिदेन्सियो

ता. क. तिकडे येण्याचे वर लिहिले ते रागात लिहिले. खरी विनंती ही: येत्या शनिवारी चारच्या बसने तुम्हीच इकडे या. तुम्ही एकसष्ट वर्षांचे, एकटे, आणि विश्रांतीत कसे उभे राहायचे ते जाणणारे. दोमितिलाबाईंना जोडीदार मिळाला तर माझी मागणी आपोआप विरून जाईल. गुडघ्याला पट्टा बांधा. पांढरा सदरा इस्त्री करून आणा.

ता. क. दुसरा. घात झाला. पत्र कलाभवनातल्या टेबलावर ठेवून मी डिंक आणायला गेलो, तर दोमितिलाबाई आल्या आणि उभ्याउभ्या पहिल्या ओळीपासून सगळे वाचले. मी डिंक घेऊन दारात आलो तेव्हा त्या शेवटच्या ओळीवर होत्या. त्या म्हणाल्या, "अरे येड्या, कुणासाठी होतं ते मला तुझ्या पहिल्या शब्दाला कळलं. पण कानावर पडलेलं परत कशाला करायचं? एक आठवडाभर माझंच समजून वापरलं असतं." मग तुमची उंची विचारली, आणि तुम्ही घोरता का ते (मी नाही म्हणालो, मला क्षमा करा). जाताना दारातून वळून म्हणाल्या, "लेओकादियाला विचार. कालपासून तुझंच नाव काढून हसतेय, आणि नाबोरचं नाव काढलं की ताट आपटतेय. पण तिच्यासाठी दुसरं वाक्य शोध. ते आता माझं आहे."

मामा, मला दुसरे येत नाही.