पांढरी साडी आणि गायब होणारी पेनं

आर्णी, २ जून

वणीनिवासी, सातवीत शिवणाच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या (तू सगळ्यांना सांगतेस, म्हणून मीही आधी तेच लिहिलं) सौ. साधनाबाई यांस आर्णीच्या शगुफ्ता लेडीज टेलरचा जय भीम आणि सलाम. दोन्ही पाठवले आहेत. एक तू ठेव, एक भाऊजींना दे, आणि कोणाला कोणता द्यायचा यावरून भांडू नका.

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना दुखतो की चढताना, हे मागच्या फोनवर तू अर्धा तास सांगितलंस, पण मध्येच भाजीवाला आला आणि निकाल राहून गेला. भाऊजींची ॲसिडिटी? तुझ्या अर्पिताची बॅग भरून झाली असेल. आमच्याकडे सगळे बरे. परवेज मिस्त्री गॅरेजमध्ये, मी मशीनवर, आणि आमच्या दोघांच्या मध्ये कूलर, जो गेल्या महिन्यापासून घरातला सगळ्यात जास्त बोलणारा माणूस आहे. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. साध्या निळ्या बॉलपेननं लिहिते आहे. असं काहून, ते खाली कळेल.

गोधडी झाली. पार्सलमध्ये पत्राच्या खाली आहे. आधी पत्र वाच. गोधडी उलगडायला घेतलीस तर तू चष्मा लावून टाके मोजत बसशील आणि माझा जीव किती गेला ते तसंच राहील.

तुला आठवत असेल, तुझ्या आईची, माझ्या काकूंची, ती पांढरी साडी गोधडीसाठी माझ्या हातात देताना तू काय बोललीस. रुखमाकाकू वर्षातून एकदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायच्या तेव्हा ती नेसायच्या आणि बाकी वर्षभर पेपरात गुंडाळून पेटीत ठेवायच्या. बाकीची चार लुगडी तू पिशवीत कोंबून दिलीस, पण ही एक दोन्ही हातांवर ठेवून दिलीस, आणि वर म्हणालीस, "शगु, याच्यावर डाग पडला तर मी तुले वळखत नाही." चाळीस वर्षांची ओळख एका डागावर लावून तू वणीची बस धरलीस. मीही मनात म्हटलं, ठीक आहे बाई. एक डाग दाखवून दे, मी दुकानाची पाटी उतरवते. (पाटी तशीही वाकडी झाली आहे.)

आता अडचण काय, ते तू शिवणात पहिली आलेली असल्यामुळे तुला सांगायला नको, तरी सांगते. गोधडीला धावदोरा सरळ घालायचा तर आधी आखावं लागतं. मी पंचवीस वर्षं साबणाच्या सुकलेल्या चिपटीनं आखते. पण पांढऱ्यावर पांढरा साबण दिसतो का? रंगीत खडू दिसतो, पण तो बसला की निघायचं नाव घेत नाही. पेन्सिलीचंही तेच. हे मी अर्पिताजवळ बोलून गेले, आणि त्या गुणाच्या पोरीनं मोबाईलवरून मागवून तीन पेनं माझ्या पत्त्यावर पाठवली. सोबत तिचा मेसेज, की मावशी, परदेशात गोधड्या करणाऱ्या बाया याच पेनांनी आखतात, काम झालं की रेघ आपोआप जाते, पण आधी चिंधीवर तपासून पाहा. मी तपासायचं ठरवलं. आणि मी एखादी गोष्ट ठरवली की काय होतं, ते परवेज मिस्त्रींना विचार. बकरीदचे एकवीस ब्लाउज आणि दोन शरारे बाजूला ठेवले आणि चिंध्यांची शाळा मांडली. बायका दारात येऊन विचारायच्या, "आपा, माझा ब्लाउज?" मी म्हणायची, परीक्षा चालू आहे.

पहिलं पेन जांभळं. याची रेघ म्हणे हवेनं जाते, दोन दिवसांत. जी बाई दोन दिवस म्हणाली ती आर्णीत मे महिन्यात कूलरसमोर बसलेली नसणार. मी चिंधीवर हातभर लांब बारा रेघा ओढल्या, सुईत दोरा ओवला, चौथ्या रेघेवर आले तर पाचवी नाही. मला वाटलं डोळे गेले. चष्मा पुसला. सहावीही निघून चालली होती, अगदी माझ्या देखत, उधारी मागायला आल्यावर माणूस हळूच मागच्या दारानं जातो तशी. मग कळलं की कूलरची ओली हवा या पेनाला फार मानवते. कूलर बंद केला तर रेघ थांबली, पण मी थांबू शकले नाही. त्रेचाळीस डिग्रीत बंद खोलीत गोधडी मांडीवर घेऊन बसणं कसं असतं, हे तू तुझ्या दुश्मनाला सांग. जांभळं पेन नापास.

दुसरं पेन निळं. याची रेघ पाण्यानं जाते. इथं मी हुशारी केली. चिंधीवर तर सगळंच बरं दिसतं, म्हणून खऱ्या पांढऱ्या कापडावर तपासायचं ठरवलं, आणि घरात खरं पांढरं कापड म्हटलं तर एकच, परवेज मिस्त्रींचा जुम्म्याचा कुर्ता. पाठीवर, आतून नाही, बाहेरून. (आतून तपासलं तर तपासणं कसलं?) एक एक बोटाच्या अंतरानं सुंदर रेघा काढल्या. शिवून पाहायला घेतलं तर माझ्याच मनगटाचा घाम सुईच्या पुढं पुढं धावत रेघ पुसत चालला. म्हणजे आखणारीही मी, पुसणारीही मी, आणि मधली सुई आपली बापुडी रस्ता शोधत फिरते. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आली, तिच्या मापाच्या भानगडीत मी उठले, आणि मिस्त्रींनी स्वतः, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, आपला कुर्ता आपण इस्त्री केला. निळ्या रेघेला इस्त्री लागली की ती पक्की होते, असं पेनाच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. ते मिस्त्रींनी वाचलं नव्हतं, आणि मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या जुम्म्याला ते पहिल्या रांगेत होते. मागच्या सगळ्या रांगांनी त्यांची पाठ अर्धा तास वाचली. घरी येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "बेगम, ये मेरी पीठ पे तूर बोनी है क्या?" मी म्हटलं, मशागत झाली आहे, पावसाची वाट पाहा. दोन दिवस त्यांनी जेवण गॅरेजमध्ये मागवलं.

पण मी मागे हटले नाही. तिसरं पेन उरलं होतं, आणि तेच निघालं राजा. याची रेघ गरमीनं जाते. चिंधीवर काढली, इस्त्री फिरवली, रेघ साफ. पुन्हा काढली, पुन्हा साफ. धुतलं, वाळवलं, उन्हात पाहिलं, भिंग लावून पाहिलं, काही नाही. एकदा तर आखलेली चिंधी गॅरेजसमोर उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या काळ्या सीटवर विसरले, तर दुपारच्या उन्हानंच इस्त्रीचं काम करून टाकलं होतं. मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी मी दोन ब्लाउज शिवून टाकले. मिस्त्रींना कुल्फी मागवली, म्हणजे तह झाला.

आणि ती कुल्फीच मला आडवी आली. आमच्या गल्लीच्या तोंडावर रौशनचं कुल्फीचं दुकान आहे. मी त्याच्या डब्यावर झाकायला माझ्या तपासलेल्या, साफ झालेल्या चिंध्यांतली एक दिली होती. ती दोन दिवस त्याच्या मोठ्या फ्रीजमध्ये, जिथं कुल्फी दगडासारखी होते, तिथं पडून राहिली. तिसऱ्या दिवशी तो चिंधी घेऊन माझ्या दुकानात आला आणि तोंड लहान करून म्हणाला, "आपा, साफ कपडा म्हणून दिला, अन् याच्यावर तर काय काय लिहेल हाय." पाहते तर माझ्या सगळ्या रेघा परत. एकूण एक. मी बाजूला आकडेमोड केली होती ती, आणि पेन चालतं का पाहायला लिहिलेलं मिस्त्रींचं नावही, मागच्या विशेषणासकट. गरमीनं गेलेली रेघ खूप थंडीत परत येते, साधना. ती मेलेली नसते. माहेरी गेलेली असते.

आता तूच विचार कर, ही गोधडी जाणार कुठं? लेहला. पोरीला नोकरी कुठं लागावी, तर जिथं हिवाळ्यात नळातलं पाणी दगड होतं. म्हणजे इथं मी रुखमाकाकूंची साडी कोरी करून पाठवायची, आणि तिथं डिसेंबरात तिच्यावर माझी आखणी, मापं आणि खुणा उगवून यायच्या. मग तू मला वळखणार नाहीस. मी चौदा चिंध्या वेगवेगळ्या साबणांनी, सोड्यानं, लिंबानं धुतल्या आणि रौशनच्या फ्रीजमध्ये आंब्याच्या आणि पिस्त्याच्या मध्ये लावल्या. गिऱ्हाइकं त्याला विचारू लागली की हा कुल्फी ठेवतो की धुणं. चौदाच्या चौदा थोड्याफार उगवल्याच. शेवटी त्यानं हात जोडले.

त्या दिवशी मी साडी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. नऊ तारखेला पोरगी निघणार, आणि माझ्या हातात तीन नापास पेनं. आणि तेव्हा पुसदचा तुमचा ओटा आठवला. तू आत झोपा काढायचीस आणि काकू मला शिकवायच्या. मी एकदा पट्टी-पेन्सिल घेऊन बसले, तर त्यांनी पेन्सिल काढून घेतली आणि म्हणाल्या, "नख असल्यावर पेन्सिल कायले पाह्यजे वं पोरी?" साडीला तांदळाची पातळ खळ द्यायच्या, ओलसर असतानाच ताणून अंगठ्याच्या नखानं रेघ दाबत जायच्या. रेघ दिसते, सुईला सापडते, आणि धुतलं की खळीबरोबर जाते. मी तेव्हा हसले होते. पन्नाशीला येऊन, तीन पेनं, एक कुर्ता आणि एका कुल्फीवाल्याचा धंदा खाल्ल्यावर, मी अंगठ्याचं नख आठवडाभर वाढवलं आणि बसले. रोज पहाटे कूलर सुरू करायच्या आधी चार रेघा. कंबर मोडली, पण रेघ मोडली नाही.

तर साधनाबाई, गोधडी तुमच्यापुढे आहे. चार लुगड्यांच्या चौकटी कडेनं, आणि मधोमध काकूंची पांढरी साडी. सुताइतकाही तुकडा वाया घालवलेला नाही. शाईचा थेंब तिला लागलेला नाही. साडीवर एक डाग दाखव. ओळख ठेवायला तयार राहा. अर्पिताला माझे आशीर्वाद, तिला सांग की तिच्या पेनांचा फार उपयोग झाला.

तुझी,
शगुफ्ता

ता.क. शाईचा थेंब लागलेला नाही असं वर लिहिलं, ते साडीच्या पायथ्याचा उजवा कोपरा सोडून वाचावं. रौशन चिंधी घेऊन यायच्या आदल्याच दिवशी, तिसऱ्या पेनाच्या आनंदात, मी त्या कोपऱ्यात अर्पितासाठी दोन ओळी लिहिल्या आणि इस्त्रीनं घालवल्या होत्या. आता काही दिसत नाही. लेहला दिसेल. तिथं काय लिहिलं आहे ते तुला कळलेलं बरं, नाही तर फ्रीज रिकामा करून गोधडी कोंबशील. लिहिलं आहे: "अर्पिता, सातवीत तुझ्या आईनं पहिला नंबर मिळवला तो नमुना मी शिवला होता. थंडी वाजली तर फोन कर, आधी मला, मग तिला." पोरीनं गोधडी रात्रभर बाहेर विसरू नये, एवढं तू पाहा. किंवा नको पाहू.

दुसरा ता.क. डागाबद्दल. साडीवर एक डाग होता, तुझ्या नजरेतून सुटलेला, पदराच्या टोकाला, फिकट तांबूस. माझ्या निकाहच्या दिवशी काकू तीच साडी नेसून आमच्या घरी आल्या होत्या. वर्षातून एकदा नेसायची साडी त्या वर्षी दोनदा नेसल्या. मी रडत होते, हातावर ओली मेंदी, आणि त्यांनी पदरानं माझे हात धरले. तो डाग मी पाण्यानं तपासला, साबणानं तपासला, उन्हात तपासला. तो जात नाही. म्हणून तेवढा वीतभर पदर कापून ठेवला आहे. सुताइतकाही तुकडा वाया घालवलेला नाही हे खरंच आहे, तो माझ्या पेटीत आहे. आता तो मला दे. हो म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नकोस, मध्येच भाजीवाला येईल. दोन ओळी लिहून पाठव, आणि साध्या बॉलपेननं लिही.