टीव्हीवरची बारीक अक्षरं

ऐक, लॅपटॉपची स्क्रीन गेली म्हणून तो हॉलमधल्या टीव्हीला जोडलाय. वायर ओढू नकोस, माझं काम अर्धवट आहे.

मघाशी त्यावरच ताईला लिहीत होते, ‘सासूबाई महिनाभर दिरांकडे गेल्या तर मी सुटेन.’ वळून बघते तर खुद्द आईच मागे सोफ्यावर मटार सोलत बसलेल्या! त्या एवढंच म्हणाल्या, “अक्षर मोठं कर गं, चष्म्याशिवाय काही दिसत नाही.” आणि उठून आत गेल्या.

दुकानात जाते म्हणून निघालेय, पण गल्लीत नुसत्या येरझाऱ्या घालणार आहे. आलास की आधी त्यांच्या खोलीत जा. आत्ता आठवलं, चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता रे.