फडकं पडलं की पुन्हा एकपासून

माय, आज रोटी फाटली नाही. हे तुला सगळ्यात आधी सांगायचं होतं, म्हणून हातसुद्धा नीट धुतले नाहीत, वहीच्या पानाला कणिक लागली आहे. अक्षय तृतीयेचा दिवस, तुझ्या नावाची घागर भरून ठेवलेली, अंगणात चुलीवर पालथं मडकं सणसणीत तापलेलं. मी कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरवला आणि मडक्यावर टाकला. पडली की गं, अख्खी, तुझ्या जुन्या लुगड्याच्या पदराएवढी पातळ! मी अशी ओरडले की शेजारच्यांना वाटलं, भाजलं काहीतरी. तुझी नात धावत आली, तर मी मडक्याकडे बोट दाखवून नुसतीच हसते आहे. साठीला आलेली बाई, नागपुरातलं अर्धं हुडकेश्वर जिच्याकडून लांब रोटी नेतं ती, आणि एका रोटीसाठी एवढा तमाशा. पण मधे काय झालं ते तुला कुठे ठाऊक आहे?

संक्रांत झाली आणि चारच दिवसांनी मी पडले. भिजवलेल्या कणकेची परात घेऊन पायरी उतरत होते, पाय सटकला. कोणतीही शहाणी बाई परात सोडते. मी परात वाचवली आणि डावं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघालं तेव्हा तळवा वर फिरेचना. प्रसाद घेताना उजव्या हाताखाली डावा धरतो ना, तेवढंसुद्धा जमेना. डॉक्टर म्हणाले, घरकाम होईल, रोटीचं मात्र विसरा. बाहेर ऑटोत बसल्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ऑर्डरींची काळजी नव्हती, हाताखाली दोघीजणी तयार आहेत. काळजी तुझ्या पानाची होती. तू गेल्यापासून एकाही अक्षय तृतीयेला तुझ्या पानावर दुसऱ्या कोणाच्या हातची रोटी पडलेली नाही, आणि सण तर तोंडावर आलेला. रोज उठून कॅलेंडर बघायचे आणि चिडायचे.

फिजिओथेरपीची एक पोरगी भेटली, माझ्या मुलीपेक्षाही लहान. तिने हातभर लांबीची काठी दिली. म्हणाली, "काकू, मधोमध मुठीत धरा. तळवा वर, मग खाली. सावकाश." झालं, घरी सुरू केलं. टीव्ही बघताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, काठी फिरतेच आहे. तीन आठवडे घाम गाळला तरी तळवा जिथल्या तिथे. मी तिला म्हटलं, "तुझ्या काठीत काही दम नाही." तिने मला तिच्यासमोर करायला लावलं, बघितलं, हसली, आणि एका नॅपकिनची घडी करून माझ्या कोपराखाली, बरगडीशी दाबून ठेवली. "काकू, तुम्ही खांद्यानं फिरवून राहिल्या. आता हे पडू द्यायचं नाही." नॅपकिन दुसऱ्याच फेरीला पडला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला वाटलं, दुखलं.

दुखलं नव्हतं गं. महाल भागातल्या आपल्या दोन खोल्या दिसल्या. मी बारा वर्षांची, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, बाकीच्या पोरी गल्लीत लंगडी खेळतायत आणि मी चुलीशेजारी उभी राहून काठी फिरवते आहे. खापा गावच्या आजोबांच्या हातमागाची तुटकी काठी, तू माहेराहून आणलेली, एका टोकाला गुळगुळीत झालेली. महिनाभर तू मला कणकेला हात लावू देत नाहीस. कोपराखाली फडक्याची घडी. फडकं पडलं की पुन्हा एकपासून. वर काठीला सुतळी बांधून तिला पाण्याचा लोटा लटकवतेस, आणि दोन्ही मुठींनी सुतळी गुंडाळत तो वर आणायचा, थेंब न सांडता. तुझी पाठ माझ्याकडे, तरी तुला सगळं दिसतं. "काहून वं, मनगटाचं काम खांद्याले सांगून राहिली?" मी रडकुंडीला येऊन म्हणते, "मले रोटी शिकायची आहे, काठी नाही!" तू मागे न वळता म्हणतेस, "कणिक मनगटावरून जाते. मनगट अडलं का तिथंच फाटते. फिरव."

नॅपकिन कोपराखाली पक्का बसला आणि माय, काय सांगू, आठवड्याभरात हात सुटायला लागला! मूठ काठीच्या मधोमध होती ती बोटभर खाली सरकवली. दुसरं टोक जड झालं, तरी तोल सांभाळला. मग आणखी बोटभर. शेवटी मूठ अगदी टोकाशी, आणि काठी या बाजूला आडवी, त्या बाजूला आडवी, मधे कुठे अडणं नाही. पाण्याच्या बाटलीला सुतळी बांधून गुंडाळायला त्या पोरीने सांगितलं, तर मी बाटलीऐवजी लोटा बांधला. ती म्हणाली, "काकू, हे तर तुम्हाले येतेच!" येतेच म्हणजे? घरचा लोटा होता तो. चार दिवसांपूर्वी कणिक घेतली, तीन रोट्या फाटल्या. परवा दोन. काल एक, तीही काठालाच. आणि आज ही.

पहिली रोटी तुझ्या पानावर वाढली आहे, वर तूप, बाजूला पुरण आणि आंब्याचं पन्हं. हे पत्र ताटाखाली ठेवायचं ठरवलं होतं. आता ठेवणार नाही, गव्हाच्या डब्यात जाईल ते, कारण पुढचं जे लिहिते आहे ते सणाच्या ताटाखाली बरं नाही.

आजोबांच्या मागाची ती काठी हरवली नव्हती, माय. तू दोन दिवस शोधलीस, कोठीच्या मागे, अंथरुणात, शेवटी म्हणालीस, "मीच कुठंतरी ठेवली असन," आणि शोधणं सोडलंस. तू नळावर गेली होतीस तेव्हा मीच ती चुलीत सारली होती. घागर घेऊन आलीस, मडकं चढवलंस, आणि मला म्हणालीस, "आज आग चांगली लागून राहिली." त्या आगीवर तू पाच रोट्या भाजल्यास. पहिली मला वाढलीस. मी ती खाल्ली.